पायावरील दुष्टव्रण : तेलापेक्षा बंध महत्त्वाचा

तालुक्याच्या गावातील कोणत्याही लहान रुग्णालयाच्या व्रणोपचार कक्षात सकाळी डोकावले, तर बाकावर दोन-तीन ओळखीचे चेहरे हटकून दिसतात. घोट्यावर किंवा पोटरीखाली वर्षानुवर्षे ओली राहिलेली जखम, तिच्याभोवती काळवंडलेली त्वचा, वर गुंडाळलेले मळकट फडके आणि चेहऱ्यावर सवयीने आलेली स्वस्थता. या रुग्णांनी मलमे, भुकट्या, पानांचे लेप, विडीची राख असे सारे काही करून पाहिलेले असते. आमच्याकडे ते शेवटचा उपाय म्हणून येतात आणि आम्ही वैद्य मंडळी उत्साहाने जात्यादि तेलाची बाटली उघडतो. तो उत्साह पुष्कळदा कसा अपुरा पडतो आणि एखाद्या वेळी कसा अंगलट येतो, हे आमच्याच अनुभवावरून व्यवसायबंधूंपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका रुग्णाने शिकविलेला धडा

बी.ए.एम.एस. झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही एका धर्मादाय रुग्णालयात काम करीत होतो. तेथे यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ उजव्या पायाच्या आतल्या घोट्यावर तळहाताएवढा व्रण घेऊन आले. माग चालू असेपर्यंत उभे राहावयाचे, हा त्यांच्या कामाचा नियम. पायावर सुजलेल्या, वेड्यावाकड्या सिरा स्पष्ट दिसत होत्या. आम्ही त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन, जात्यादि तेलाचा पिचू, दोनदा जळवा आणि पोटातून गुग्गुळकल्प असा क्रम अकरा महिने चालविला. व्रण कधी लाल होई, कधी पुन्हा पांढुरका पडे. भरून मात्र येत नव्हता.

गणेशोत्सवानंतर ते आले आणि संकोचाने म्हणाले, “वैद्यराज, गावी आठ दिवस नुसता पडून होतो. तुमचं तेल इथंच विसरलं होतं. पण जखम सुकली बघा.” आम्ही पाहिले. स्राव थांबला होता आणि कडा आत सरकल्या होत्या. आमच्या औषधाविना आठ दिवसांत जे घडले, ते औषधासह अकरा महिन्यांत घडले नव्हते. त्या दिवशी आम्हाला थोडा राग आला, हे प्रांजळपणे कबूल करतो. विचार नंतर आला.

पडून राहिल्याने काय झाले होते? सिरांतील झडपा निकामी झाल्या की उभ्या माणसाच्या घोट्याशी रक्ताचा दाब वाढलेला राहतो. द्रव बाहेर झिरपतो, सूज येते, त्वचेचे पोषण खुंटते. चालताना पोटरीचे स्नायू पंपाप्रमाणे रक्त वर ढकलतात. पण मागासमोर खिळून उभ्या राहणाऱ्या माणसाचा हा पंप बंद असतो. आडवे होऊन पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवला की दाब उतरतो. म्हणजे व्रणाचे मूळ व्रणात नव्हतेच, ते पायात होते. आम्ही मात्र अकरा महिने व्रणालाच औषध देत राहिलो.

परंतु पोट हातावर असलेल्या माणसाला महिनोन्महिने पडून राहण्यास कसे सांगावे? त्यावरचे उत्तर बाहेरून दिलेल्या दाबात आहे आणि ते आमच्या संहितेतही होते.

विकेशिका, कवलिका आणि पट्ट

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. बंध हा त्यांतील एक स्वतंत्र उपक्रम आहे. औषध जागेवर धरून ठेवण्याची ती केवळ सोय नव्हे. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात चौदा प्रकारचे बंध दिले असून त्यांतील अनुवेल्लित, म्हणजे वेलीप्रमाणे चढत जाणारा बंध, शाखांसाठी सांगितला आहे. बंध गाढ, सम की शिथिल असावा हेही अवयवानुसार ठरविले आहे. शाखांसाठी सम बंध हा नियम आहे.

त्याच अध्यायात थरांचा विचार आहे. व्रणात ठेवावयाची औषधयुक्त विकेशिका, तिच्यावर जाड कवलिका आणि त्यावर पट्ट. विकेशिका अतिस्निग्ध असेल तर व्रण चिघळतो आणि रूक्ष असेल तर कडा फाटतात, असा इशाराही आचार्य देतात. इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर सुकविलेल्या जखमेपेक्षा लवकर त्वचा धरते. आधुनिक व्रणबंधनाचे शास्त्र येथून पुढे वाढले. फार ओले नको आणि फार कोरडेही नको, ही दोहोंतील समान सूचना आहे.

आमच्या व्यवहारात मात्र तेलाने थबथबलेला बोळा आणि वर चार वेढ्यांची सैल पट्टी एवढेच उरले आहे. विकेशिका बिघडली, कवलिका गळाली आणि पट्टाचे काम केवळ बोळा पडू न देण्यापुरते राहिले.

आत काय ठेवावे?

साधनांची टंचाई असलेल्या रुग्णालयात हा प्रश्न पहिला येतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. व्रण स्वच्छ धुण्यासाठी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ पुरेसे आहे. पंचवल्कल किंवा त्रिफळा क्वाथ ताजा, गाळलेला आणि त्याच दिवशी वापरावयाचा असेल तर अवश्य घ्यावा. कालचा क्वाथ व्रणावर घालू नये. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तीव्र द्रावणे भरत आलेल्या व्रणातील कोवळे मांसांकुरही मारतात, म्हणून ती रोज वापरू नयेत. मृत मांस असेल तर ते काढल्यावाचून कोणतेही औषध आत पोहोचत नाही.

व्रणाला न चिकटणारा थर हवा, कारण चिकटलेले गॉज ओढून काढताना नवी त्वचा सोबत निघते. येथे महाराष्ट्राने केलेले काम आवर्जून आठवावे. मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरली आणि १९८५ साली ते काम प्रसिद्ध झाले. डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्टीचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांचा भाजलेल्या जखमांवरील मधाचा अभ्यास १९९१ साली इंग्लंडच्या शल्यचिकित्सा नियतकालिकात आला. हे तिन्ही अभ्यास दाहव्रणांवरचे आहेत, हे विसरता कामा नये. तरीही निर्जंतुक केलेले केळीचे पान न चिकटणारा थर म्हणून पायाच्या व्रणावरही उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. जात्यादि तेल वापरावयाचे असल्यास गॉज तेलात भिजवून चांगले पिळावे. तेल ओघळून कडांची त्वचा भिजता कामा नये.

मधाविषयी एक गोष्ट आम्हा सर्वांना अंतर्मुख करणारी आहे. न्यूझीलंडमध्ये ३६८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सर्व रुग्णांना सिराजन्य व्रण होते आणि सर्वांना दाबाची पट्टी बांधली होती. निम्म्यांच्या व्रणात मध, उरलेल्यांच्या व्रणात नेहमीची द्रव्ये. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत भरून आलेल्या व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मध निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. योग्य दाब दिल्यावर आतल्या द्रव्याच्या निवडीने फारसा फरक पडत नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो. आमच्या तेलालाही हेच लागू असावे, असे मानणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

पट्टी कशी बांधावी?

सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वी, सूज उतरलेली असताना बांधणे उत्तम. रुग्ण उशिरा आला तर अर्धा तास पाय उंच ठेवून मग बांधावे. पाऊल नडगीशी काटकोनात धरावे. प्रथम कवलिका : घोट्याची हाडे, नडगीची धार आणि टाचेमागची शीर यांवर कापसाचा जाड थर घालावा. मग दहा सेंटिमीटर रुंदीची क्रेप पट्टी बोटांच्या मुळापासून सुरू करून, टाच झाकून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल अशी, गुडघ्याच्या दोन बोटे खालपर्यंत न्यावी. एका पट्टीवर दुसरी बांधल्यास दाब टिकतो. टाच उघडी ठेवू नये. तेथेच सूज फुगते.

ताण सर्वत्र सारखा ठेवावा. ताण सारखा असला तरी जेथे पाय बारीक तेथे दाब अधिक आणि जेथे जाड तेथे कमी, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. त्यामुळे घोट्याशी अधिक आणि पोटरीकडे उतरता दाब आपोआप मिळतो. पोटरीवर ताण वाढविला तर हा उतार उलटतो आणि पाऊल सुजते. घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याचा दाब हे सिराजन्य व्रणासाठी मान्य लक्ष्य आहे. अतिशय बारीक घोटा असल्यास कापसाने गोलाई वाढवावी, अन्यथा त्याच ताणात दाब फार होतो. बांधल्यावर बोटांचा रंग व ऊब पाहावी, रुग्णाला दहा मिनिटे चालवावे आणि पुन्हा पाहावे.

पट्टी रोज सोडू नये. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात हेमंत, शिशिर व वसंतात तिसऱ्या दिवशी आणि शरद, ग्रीष्म व वर्षा ऋतूंत दुसऱ्या दिवशी बंध सोडावा असे सांगितले आहे. स्राव आवरला की आठवड्यातून एक-दोनदा बदललेली पट्टीही चालते. त्यामुळे दुरून येणाऱ्याचे भाडे व मजुरी वाचते आणि कक्षातील परिचारिकेला एका पायासाठी पुरेसा वेळ मिळतो. अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयात हा लाभ लहान नाही.

त्या यंत्रमाग कामगाराला आम्ही अशी पट्टी बांधली. काम सुटले नाही. दर दोन तासांनी दहा मिनिटे टाचा वर-खाली करावयाच्या आणि रात्री पायाखाली दोन विटा घातलेल्या खाटेवर झोपावयाचे, एवढेच ठरले. व्रण चार महिन्यांत भरला. तेल तेच होते.

आमच्या हातून झालेली चूक

या यशाने आम्ही हुरळून गेलो. त्यानंतर काही महिन्यांनी साठीचे एक शेतकरी आले. मधुमेह जुना, विडी त्याहून जुनी. व्रण पावलाच्या बाहेरच्या कडेला, लहान, खोल, फिकट आणि अतिशय दुखरा. आम्ही तीच पट्टी त्याच आत्मविश्वासाने बांधली. पायाच्या नाडीवर बोट ठेवले नाही.

रात्री वेदना वाढल्या. ते पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून बसून राहिले. वैद्यांनी बांधलेली पट्टी सोडू नये म्हणून घरच्यांनी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली. अखेर सुनेने ती सोडली, तेव्हा दोन बोटे काळी पडली होती. शहरातील मोठ्या रुग्णालयात ती दोन्ही काढावी लागली. त्या पायाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या होत्या आणि उरलेला थोडा रक्तप्रवाह आमच्या पट्टीने दाबला होता. चूक सर्वस्वी आमची होती. ज्या अठराव्या अध्यायात बंधांचे वर्णन आहे, त्याच अध्यायात कोणते व्रण बांधू नयेत याचीही यादी आहे आणि तीत मधुमेहीच्या पिडकांचा उल्लेख आहे. ती यादी परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळविले होते.

तेव्हापासून आमचा नियम असा : नाडी पाहिल्यावाचून पट्टी नाही. पावलाच्या पाठीवरील आणि आतल्या घोट्यामागील अशा दोन्ही धमन्या बोटांनी शोधाव्यात. सुजेमुळे त्या लागत नसतील तर हातात धरावयाच्या डॉप्लरने घोट्याचा व दंडाचा वरचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे. ते ०.८ किंवा अधिक असेल तर पूर्ण दाब देता येतो, त्याहून कमी असेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याविना दाब देऊ नये, ०.५ पेक्षा कमी असेल तर रुग्णाला त्वरित रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. मधुमेहात धमन्या कठीण झाल्याने हे गुणोत्तर फसवे, जास्त येते. तेथे त्यावर विसंबू नये. डॉप्लर नसेल तर रुग्णाला निजवून पाय उंच धरावा. पाऊल पांढरे पडले आणि खाली सोडल्यावर गडद लाल झाले, तर त्या पायाला दाबाची पट्टी बांधावयाची नाही.

सर्व व्रण एका जातीचे नसतात

तळपायावरील न दुखणारा व्रण दिसला की संवेदना तपासावी. तो मधुमेहाचा किंवा कुष्ठरोगाचा असतो. भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले. परंतु पूर्वी बधिर झालेले तळवे आजही आपल्याकडे येतात. तेथे दाबाची पट्टी कामाची नाही, व्रणावरचा भार उतरविणे हाच उपाय. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा पावलांवर प्लास्टरचा साचा घालून व्रण भरविण्याची पद्धत रूढ केली. मऊ मायक्रोसेल्युलर रबराची पादत्राणे त्याच विचारातून आली.

विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी तरुणाच्या घोट्यावर व्रण असेल तर सिकलसेलची तपासणी करावी. तरुण विडीबाजाच्या बोटांवरचा व्रण धमन्यांच्या विकाराची शंका आणतो. अनेक वर्षांच्या व्रणाची कड फुलकोबीप्रमाणे उंच व टणक झाली असेल तर तुकडा तपासल्यावाचून एक दिवसही घालवू नये. तो कर्करोग असू शकतो. स्वच्छ प्लास्टिकवर व्रणाची बाह्यरेषा दर आठवड्याला काढून ठेवावी. चार आठवड्यांत ती रेषा आत सरकली नाही, तर औषध बदलण्यापूर्वी निदान तपासावे. दाबाने भरलेला व्रणही सिरांवर उपचार न झाल्यास पुन्हा उघडतो. सिरा आतून बंद करण्याची प्रक्रिया लवकर केल्यास व्रण अधिक वेगाने भरतात, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांच्या इंग्लंडमधील अभ्यासाने दाखविले आहे. म्हणून योग्य रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये.

औषधालयधारकांना विनंती

व्रणासाठीचे तेल मोठ्या डब्यातून काढून देऊ नये. लहान, मोहोरबंद बाटल्या ठेवाव्यात. जात्यादि तेलात तुत्थ असल्याने पाठाप्रमाणे व विश्वसनीय निर्मात्याने केलेलेच विकावे. खाण्याचा मध व्रणासाठी देऊ नये. कच्च्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून वैद्यकीय मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो. बाजारातील अनेक नामांकित मधांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळल्याचे दिल्लीच्या एका पर्यावरणसंस्थेने २०२० साली उघड केले होते, हेही स्मरणात असावे. रबरी धाग्यांच्या लवचीक पट्ट्या तेल लागले की सैल पडतात, हे ग्राहकास सांगावे. दाबाचे मोजे किंवा पट्टी मागणाऱ्यास “पायाची नाडी वैद्यांनी पाहिली आहे का?” एवढे विचारावे. आणि तेच मलम तिसऱ्या महिन्यालाही नेणारा ग्राहक आला, तर ते मलम देताना त्याला तपासणीस धाडावे. हा एक प्रश्न एखाद्याचा पाय वाचवील.

समारोप

तो यंत्रमाग कामगार अजूनही वर्षातून एकदा येतो. मागील खेपेस त्याच्या पायावर धुऊन धुऊन सैल झालेली जुनी क्रेप पट्टी होती आणि घोट्याशी त्वचा पुन्हा काळी व कडक होऊ लागली होती. “नवी घ्यायची राहिली,” तो म्हणाला. त्या दिवशी आम्ही त्याला तेल दिले नाही. नवी पट्टी दिली आणि नाडी पाहून, टाचेपासून वर, सम ताणाने ती स्वतः बांधून दिली.